मोजल्या, पण तपासल्या नाहीत

संमतीपत्र पाच पानांचं होतं आणि बाईंना फक्त अंगठ्याची जागा दाखवून ठेवली होती. नाशिकमधल्या द्वारका चौकापासून चालत जाता येईल अशा एका खासगी रुग्णालयातला बाक. बाई सुरगाण्याकडच्या. मांडीवर एक्स-रेची लांबट पिशवी, पिशवीवर केसपेपर आणि केसपेपरवर हा गठ्ठा. प्रत्येक पानाच्या तळाशी पेन्सिलीने बारीक फुली मारलेली. शाईचं पॅड आधीच उघडून ठेवलेलं. मी शेजारी बसलो होतो, म्हणून त्यांनी विचारलं, "भाऊ, यात काय लिवलंय?"

मी वाचून दाखवू लागलो. सदर अभ्यासातील माझा सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून कोणतेही कारण न देता मी केव्हाही माघार घेऊ शकते, वगैरे. बाईंनी मान डोलावली. "म्हणजे गोळ्या फुकट ना?" फुकट, असं लिहिलं होतं खरं. तिसऱ्या पानावर होतं की निम्म्या रुग्णांना नवीन औषध मिळेल, निम्म्यांना मिळणार नाही, आणि कुणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही कळणार नाही. हे वाक्य त्यांनी मला परत वाचायला लावलं. मग विचारलं, "मंग मला कंचं?"

इतका नेमका प्रश्न त्या पाच पानांत कुणी विचारलेला नव्हता. थोड्या वेळाने वॉर्डातले मामा आले आणि साक्षीदार म्हणून सही करून गेले. एकही पान त्यांनी उलटलं नाही. वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना निःपक्षपाती साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर असला पाहिजे, असा या देशाचा नियम आहे. मामा हजर होते सहीपुरते, आणि ते त्याच रुग्णालयाच्या पगारावर होते.

"मंग मला कंचं?" हा प्रश्न घेऊन आपण पंचवीसहून अधिक वर्षं मागे जाऊ, उस्मानाबाद जिल्ह्यात. आज त्याला धाराशिव म्हणतात.

१९९९च्या ऑक्टोबरमध्ये तिथे एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केलेला. पैसा गेट्स फाउंडेशनचा. विषय गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ समूह केले आणि ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत वाटले. पहिल्या गटातल्या बायकांची एचपीव्ही या, हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी. दुसऱ्यांची पॅप तपासणी. तिसऱ्यांना ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायचं. हे ॲसिड म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचंच. बोळ्याने लावलं की मिनिटभरात खराब पेशींचा भाग पांढरा दिसतो, आणि हे काम थोडं शिकवलं तर नर्सबाईसुद्धा करू शकतात. चौथ्या गटाला यातलं काहीही नाही. त्यांना 'नेहमीची आरोग्यसेवा'.

चौथ्या गटात ३१,४८८ बायका होत्या.

परंडा, भूम, कळंब या तालुक्यांत १९९९ साली गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीची नेहमीची आरोग्यसेवा काय होती, हे तिथल्या कुठल्याही आजीला विचारा. काही नव्हती. अंगावरून पांढरं जायचं, मग लाल जायचं, मग वास यायचा, मग घरातली माणसं खोलीबाहेर जेवायला बसायची, मग बार्शी. बार्शीपर्यंत पोचल्या त्या नशीबवान. १९८७ पासून बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालत होती. बायकांना कुठला कॅन्सर सगळ्यात जास्त होतो आणि त्या किती उशिरा येतात, हे त्या नोंदणीच्या वह्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणूनच तर अभ्यासासाठी हा भाग निवडला.

निकाल २००९च्या एप्रिलमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ बायका, त्यांत या कॅन्सरने मेलेल्या ३४. काहीच न केलेल्या गटात ३१,४८८, त्यांत मेलेल्या ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मरण जवळजवळ निम्म्यावर येतं, हे जगाला उस्मानाबादने दाखवून दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यांत या जिल्ह्याच्या बायका आहेत.

मला या संशोधनाची किंमत कळते. बार्शीसारख्या ठिकाणी डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या माणसांनी ज्या चिकाटीने काम केलं, त्यापुढे मी हात जोडतो. गावोगाव फिरून, बायकांना समजावून, लाजेचा डोंगर ओलांडून तपासणी करणं हे शहरात बसून लिहिण्याइतकं सोपं नाही. पहिल्या तीन गटांतल्या ज्या बायकांत दोष सापडला, त्यांच्यावर उपचार झाले. अनेक घरांत आज आजी जिवंत आहे ती त्यामुळे.

पण चौथ्या गटाचं काय?

संशोधकांनी आणि त्यांच्या बाजूच्या शास्त्रज्ञांनी याचं उत्तर दिलेलं आहे, आणि ते थोडक्यात असं: भारतात या तपासणीची पद्धतच नव्हती; त्यामुळे चौथ्या गटाकडून आम्ही काही काढून घेतलं नाही; अभ्यास झाला नसता तरी त्या तशाच राहिल्या असत्या. हे उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे, आणि दर वेळी ते मला जास्त टोचतं. 'भारतात नव्हती' म्हणजे कोणत्या भारतात? पॅप तपासणी १९४०च्या दशकापासून जगाला माहीत आहे. १९९९ साली मुंबईत, पुण्यात, आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडवर ती पैसे टाकून मिळत होती. डॉक्टरांच्या घरच्या बायका ती करून घेत होत्या. नव्हती ती परंड्याच्या बाईला. तिला काही मिळत नाही, हा अन्याय आधीच झालेला होता. अभ्यासाने तो अन्याय उचलला, त्याला 'नेहमीची सेवा' असं नाव दिलं आणि मोजपट्टी म्हणून वापरला.

हीच रचना मुंबईतही होती. १९९८पासून टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत अभ्यास चालवला. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा. १,५१,५३८ बायका, वस्त्यांचे वीस समूह. दहा समूहांत दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी, दहांत नाही. या विनातपासणी दहा समूहांत ७६,१७८ बायका. २०१३च्या जूनमध्ये शिकागोच्या मोठ्या परिषदेत डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी निकाल मांडला: तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. जगभर मथळे आले की भारताच्या व्हिनेगरने कॅन्सर रोखला. तिसरा असाच अभ्यास तमिळनाडूत दिंडिगलला झाला. तिन्ही ठिकाणच्या विनातपासणी गटांची बेरीज १,३८,६२४. त्यांत या कॅन्सरने मेलेल्या किमान २५४.

ही बेरीज अमेरिकेतल्या डॉ. एरिक सुबा यांनी सतत लोकांसमोर ठेवली, त्यांच्याच देशाच्या सरकारकडे तक्रार केली, आणि आपल्याकडे वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकातून हा वाद चालला. संशोधनात सामील होणाऱ्या माणसांच्या संरक्षणासाठी अमेरिकेत सरकारी कार्यालय आहे. मुंबईच्या अभ्यासात बायकांना संमती देण्यापुरती पुरेशी माहिती दिलेली नव्हती, असं त्या कार्यालयाने म्हटलं. म्हणजे ७६ हजार बायकांच्या सह्या किंवा अंगठे कागदावर असतील, पण ज्या आजारासाठी आपल्याला मोजताहेत त्याची तपासणी याच शहरात मिळते, आणि ती करून घेतली तर आपण वाचू शकतो, हे नीट सांगितलं गेलं नाही. परळच्या टाटा रुग्णालयापासून त्या वस्त्या किती लांब? लोकलची काही स्टेशनं.

आता रंगाचा प्रश्न. हाच अभ्यास, हाच चौथा गट, ओहायोतल्या गोऱ्या बायकांवर करायचा असता तर? अमेरिकेच्या एकाही समितीने परवानगी दिली नसती. तिथे 'नेहमीची सेवा' म्हणजे पॅप तपासणी. पैसा तिकडचा, नियम तिकडचे, पण चौथा गट मात्र इकडे. आणि इकडेही तो मलबार हिलला पडला नाही. अमेरिकेत कातडी बघून गट पडतात. आपल्याकडे पत्ता विचारला की पुरे. जात, जमात, उत्पन्न, शिक्षण, सगळं त्या एका ओळीत येतं.

अमेरिकेचं उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं, टस्कीगीचं. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं. अलाबामातले सुमारे ६०० काळे पुरुष, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस. सरकारी आरोग्य खात्याने त्यांना सांगितलं की तुमचं रक्त दूषित आहे. १९४७च्या सुमारास पेनिसिलीन हा ठरलेला उपचार झाला, तरी त्यांना दिलं नाही, कारण आजार शेवटापर्यंत कसा जातो ते बघायचं होतं. पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं होतं तेव्हा पत्र पाठवलं, की खास मोफत उपचाराची ही शेवटची संधी आहे. जेवण फुकट, मेल्यावर अंत्यविधीचा खर्च फुकट. आरोग्य खात्यात काम केलेला पीटर बक्सटन हा तरुण १९६६पासून ओरडत होता. शेवटी १९७२मध्ये बातमी फुटली आणि १९९७मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली.

उस्मानाबाद म्हणजे टस्कीगी, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. टस्कीगीत आजार माहीत असलेल्या माणसाला फसवून उपचारापासून लांब ठेवलं. उस्मानाबादेत चौथ्या गटातल्या कुणाला आजार आहे हे संशोधकांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी पाहिलंच नव्हतं. फरक मोठा आहे. पण टस्कीगीच्या जवळ जाणारा अभ्यासही आपल्याच देशात झाला आहे, आणि तोही याच कॅन्सरवर. १९७६ ते १९८८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या दिल्लीच्या संस्थेत गर्भपिशवीच्या तोंडाशी कॅन्सरपूर्व बदल दिसलेल्या १,१५८ बायकांवर नुसती नजर ठेवली गेली. कुणाचा बदल कॅन्सरपर्यंत जातो ते पाहायला. काहींचा गेला. १९९७मध्ये हे वर्तमानपत्रात आल्यावर बचाव झाला की संमती तोंडी घेतली होती. परिषदेची संशोधननीतीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं २००० साली आली ती या गदारोळानंतर.

दिल्ली, उस्मानाबाद, मुंबई. आणि मग खम्मम.

२००९मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत पाथ या अमेरिकी संस्थेने एचपीव्ही लसीचा प्रकल्प केला. पुन्हा तोच कॅन्सर, पुन्हा गेट्स फाउंडेशनचा पैसा. १० ते १४ वर्षांच्या सुमारे २३ हजार मुली, त्यांत आदिवासी मुली भरपूर, आणि खम्ममला अनेक जणी वसतिगृहांत राहणाऱ्या. सात मुलींच्या मृत्यूची बातमी आल्यावर एप्रिल २०१०मध्ये प्रकल्प थांबवला. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध नाही, असं चौकशीत निघालं, आणि त्यावर मला वाद घालायचा नाही. ही लस चांगली आहे. पुण्याच्या सीरमने बनवलेली आता बाजारात आहे आणि ज्यांना मुली आहेत त्यांनी ती द्यावी. वाद आहे तो कागदाचा. आंध्रमधले ९,५४३ संमती अर्ज तपासले गेले. त्यांतल्या १,९४८ अर्जांवर अंगठे होते. आणि २,७६३ अर्जांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या. आई-बाप गावात, मुलगी वसतिगृहात, सही वॉर्डनची. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले.

हे वाचून नाशिककरांनी खम्मम लांब आहे असं समजू नये. द्वारकेहून थोडं पुढे गेलं की जुन्या आग्रा रोडवर गडकरी चौकात आदिवासी विकास भवन आहे. राज्यभरातल्या आश्रमशाळांचा आणि आदिवासी वसतिगृहांचा कारभार तिथून चालतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवणच्या पाड्यांवरची पोरं त्यांत राहतात. जून ते दिवाळी आई-बापांची गाठ नाही. अधीक्षक हाच त्यांचा पालक. ताप आला तर दवाखान्यात नेणारा तोच, आणि कुणी गाडी घेऊन मुलांच्या बोटाचं रक्त घ्यायला आलं तर दार उघडणाराही तोच.

रक्ताचं मी उगाच म्हणत नाही. जुलै २०२३मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. आदिवासी भागांतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे. अभियान हवंच, सिकलसेलने पोरं तळमळून मरतात. पण १९७०च्या सुमारास अमेरिकेत काही राज्यांनी काळ्यांवर याच आजाराची तपासणी सक्तीची केली, आणि आजार नसलेल्या, केवळ वाहक असलेल्या माणसांना नोकरी आणि विमा नाकारला गेला. १९७२चा तिथला कायदा आला तेव्हा तपासणी ऐच्छिक असावी असं त्यात लिहावं लागलं. आपल्याकडे लग्न जमवताना कार्ड जुळवा, असं सांगितलं जातं. मग पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात 'वाहक' लिहिलेलं कार्ड देण्याआधी तिच्या आईला त्याचा अर्थ तिच्या बोलीत कोण सांगणार? कोकणा, वारली, महादेव कोळी घरांत घरची बोली आहे. सरकारी मराठीसुद्धा तिथे परकी पडते.

आदिवासी विकास आयुक्तालयाने एक साधा आदेश काढावा. आश्रमशाळेत संशोधनासाठी कुणीही आलं, सरकारी असो की खासगी, तरी अधीक्षकाची सही पालकाची सही म्हणून चालणार नाही. पालकसभा घ्या, पाड्यावर जा, आठवडा जास्त लागू द्या. आणि मुलगी स्वतः नको म्हणाली तर तिथेच थांबा. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत हे सगळं आहे. अधीक्षकाच्या टेबलावर नाही.

कायद्याकडून आशा ठेवणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. इंदूरसारख्या ठिकाणच्या औषध चाचण्यांची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर २०१३मध्ये संमतीच्या चित्रीकरणाचा मुद्दा आला आणि २०१९च्या नव्या नियमांत तो बसला. पण कुठे? दुर्बल घटकांतल्या माणसांवर एखाद्या अगदी नव्या रसायनाची चाचणी असेल तर कॅमेरा लागतो. उस्मानाबादला औषधाची चाचणी नव्हतीच. तपासणीच्या पद्धतींची तुलना होती. आज तो अभ्यास पुन्हा सुरू केला तर त्याला नीतीसमितीची मंजुरी लागेल, परिषदेची तत्त्वं लागू होतील, पण चौथ्या गटातल्या बाईला काय सांगितलं याचं चित्रीकरण करण्याचं बंधन नसेल. ज्या घटनांनी एवढा धुरळा उडाला, त्यातलीच एक या नियमाच्या कक्षेबाहेर राहते.

आणि हे सगळं करून बायकांना काय मिळालं?

भारतात वर्षाला सुमारे सव्वा लाख बायकांना हा कॅन्सर होतो आणि ७७ हजारांवर मरतात, हा २०२०चा अंदाज. एका एचपीव्ही तपासणीने मरण जवळजवळ निम्मं होतं हे २००९ला सिद्ध झालं. व्हिनेगरने ३१ टक्के हे २०१३ला. केंद्र सरकारने तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगर तपासणी करण्याची मार्गदर्शक सूचना २०१६मध्ये काढली. त्यानंतर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली, २०१९ ते २०२१. तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत कधीतरी, आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या १.९ टक्के.

शंभरात दोनसुद्धा नाहीत. चौथा गट संपलेलाच नाही. तो वाढून देशाएवढा झाला.

आणि ज्या कॅन्सरच्या तपासणीला पैसे नाहीत, त्याच कॅन्सरची भीती मात्र खेड्यात जोरात विकली जाते. उस्मानाबादच्या शेजारी बीड. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या पंचविशी-तिशीत काढल्या गेल्या, ते प्रकरण २०१९मध्ये इतकं गाजलं की नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. बायका सांगत होत्या, अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेले तर डॉक्टर म्हणाले पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. काही मिनिटांची व्हिनेगर तपासणी त्या डॉक्टरांना करता आली नसती का? ऑपरेशनच्या कागदावरही संमतीचा अंगठा असतोच. भीती घालून घेतलेला.

द्वारकेपासून उत्तरेला म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८मध्ये स्थापन झालं. राज्यात होणाऱ्या बहुतेक एमबीबीएस डॉक्टरांची, आयुर्वेदाच्या वैद्यांची, नर्सची पदवी तिथून निघते. शेकडो विद्यार्थी दरवर्षी प्रबंधासाठी रुग्णांवर अभ्यास करतात आणि प्रत्येकाच्या फाइलला संमतीपत्राचा नमुना जोडलेला असतो. राज्यात एकाच ठिकाणी बदल केला आणि जवळजवळ सगळीकडे पोचला, अशी जागा हीच.

त्या नमुन्यात माझ्या मते एक प्रश्न वाढवायला हवा. माघार, गोपनीयता, नुकसानभरपाई हे सगळं राहू द्या. पण पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, हा प्रश्न आणि खाली त्याचं उत्तर: हाच त्रास घेऊन पैसेवाला माणूस तुमच्याकडे आला, तर तुम्ही त्याला काय देता? आणि मला काय देणार?

संशोधक म्हणतील, हे शास्त्रीय नाही, यामुळे लोक घाबरतील, गट भरणार नाहीत. मान्य. काही गट भरणार नाहीत. खरं सांगितल्यावर जो गट भरत नाही, तो खोटं सांगून किंवा गप्प राहून भरायचा का, याचं उत्तर त्यांनी द्यावं. अभ्यासाच्या वेगळ्या रचना आहेत. एका गावाची तपासणी आधी आणि दुसऱ्याची दोन वर्षांनी, पण दोघांनाही नक्की, अशी रचना जगात चालते. तिला पैसा आणि वेळ जास्त लागतो.

१९९९ला भूम तालुक्यातल्या एखाद्या बाईपुढे हा प्रश्न ठेवला असता, तर आरोग्यसेविकेला उत्तर असं द्यावं लागलं असतं: "मावशी, हा कॅन्सर आधी कळला तर बरा होतो. तपासायला दहा मिनिटं लागतात. सोलापूरच्या, मुंबईच्या बायका पैसे देऊन तपासून घेतात. पलीकडच्या गावात आम्ही फुकट तपासणार आहोत. तुमच्या गावाची चिठ्ठी विनातपासणीची निघाली. तुमच्यात कुणी गेलं तर आम्ही नाव लिहून घेऊ." हे शब्द तोंडातून काढायला कुठल्या आरोग्यसेविकेची जीभ रेटली असती? जे समोर बसून सांगता येत नाही, ते करायची परवानगी पाच पानी कागदाने मिळू नये.

विद्यापीठाच्या नीतीसमितीने या प्रश्नाखालची जागा कोरी ठेवणारा एकही प्रस्ताव पुढे सरकू देऊ नये. उत्तर मराठीत लिहा, आणि पेठ-सुरगाण्यात काम असेल तर तिथल्या बोलीत बोलणारं माणूस घेऊन जा. ते वाचून दाखवणारा साक्षीदार रुग्णालयाच्या पगारावरचा नसावा. गावची आशाताई चालेल, शाळेतल्या बाई चालतील, बचतगटाच्या ताई चालतील. आणि सही घेण्याआधी रुग्णाला घरी जाऊन एक रात्र विचार करू द्या, घरच्यांशी बोलू द्या. सुरगाण्याची शेवटची बस किती वाजता सुटते, हे संमती घेणाऱ्याला माहीत असलं पाहिजे.